नवे घर, नवी वस्ती आणि आपल्यावर येणारे हक्क



शाळांच्या परीक्षा संपल्या की शहरांत घर बदलण्याचे दिवस सुरू होतात. या दिवसांत जुम्याची नमाज आटोपल्यावर इमामाकडे येणाऱ्या प्रश्नांचे स्वरूपही बदलते. तलाक, वारसा, जकात हे नित्याचे विषय मागे पडतात आणि भाडे, डिपॉझिट, एजंट, सोसायटी हे शब्द कानी येऊ लागतात. गेल्या वर्षी याच सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातील एक तरुण पत्नीसह माझ्याकडे आला होता. नोकरी अंधेरीस, चार वर्षांची एक मुलगी, आजवर कुर्ल्यास चुलत्यांच्या घरी राहिलेला. आता गावाहून आई येणार, म्हणून स्वतंत्र बिऱ्हाड करावयाचे होते. त्याच्यासमोर दोन घरे होती. पहिले मुंब्र्याच्या कौसा भागात. तिसरा मजला, लिफ्ट नाही; मशीद दोन मिनिटांवर, मदरसा त्याच गल्लीत; मात्र कामावर जाण्यायेण्यात दररोज साडेतीन तास जाणार. दुसरे अंधेरी पूर्वेस एका सोसायटीत. जागा लहान, भाडे अधिक, कार्यालय जवळ. मशीद पायी पंचवीस मिनिटे, इमारतीत दुसरे एकही मुस्लिम कुटुंब नाही, आणि घरात मांस-मासळी शिजवू नये अशी मालकाची अट.

"मौलाना, दीनच्या दृष्टीने कोणते घर घ्यावे?" असा त्याचा प्रश्न होता.

मी क्षणभरही न थांबता सांगितले, "भाई, मशिदीजवळचे घ्या."

तो समाधानाने गेला. त्याच्या पत्नीस मी काही विचारलेच नाही, हे नंतर ध्यानी आले. त्याच आठवड्यात जमाअतच्या नमाजवरील दर्स तयार करण्यासाठी सहीह बुखारी उघडली असता बनू सलिमाची हकीकत समोर आली. ती मी अनेकदा शिकवलेली होती. तथापि घराच्या प्रश्नाशी तिचा किती जवळचा संबंध आहे, हे त्या रात्री प्रथमच जाणवले, आणि आपण उत्तर देण्यात घाई केली, अशी रुखरुख लागली. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उत्तराची दुरुस्ती आहे.

बनू सलिमाची इच्छा

बनू सलिमा हे मदीनेतील अन्सारांचे एक कुटुंबसमूह. त्यांची घरे शहराच्या कडेला, आज जेथे मस्जिद-ए-किब्लतैन आहे त्या परिसरात होती. मस्जिद-ए-नबवीपासून हे अंतर बरेच होते. पुढे मशिदीभोवती काही जागा रिकाम्या झाल्या, तेव्हा आपली घरे सोडून मशिदीशेजारी येऊन राहावे, असे त्यांच्या मनात आले. हेतू किती निर्मळ होता, पाहा! स्वस्त जागा नको होती, बाजार जवळ नको होता, पाच वेळची जमाअत प्रेषितांच्या (स.) मागे मिळावी, एवढीच ओढ होती. अल्लाहच्या प्रेषितांना (स.) हे समजले, तेव्हा त्यांनी या लोकांना आपल्या घरांतच राहण्यास सांगितले आणि मशिदीकडे पडणारे त्यांचे प्रत्येक पाऊल नोंदले जात आहे, असा दिलासा दिला. ह. जाबिर (रजि.) यांचे हे कथन सहीह मुस्लिममध्ये आहे. बुखारीत ह. अनस (रजि.) यांच्या कथनात कारणही आले आहे: मदीनेची ती बाजू उघडी पडावी, हे प्रेषितांना (स.) पसंत नव्हते.

या एका कारणावर आपण थांबावे, अशी माझी विनंती आहे. घर निवडताना आपण घराच्या आतून बाहेर पाहतो. आपल्याला काय जवळ पडेल, काय दूर पडेल, मुलांना काय मिळेल, हे मोजतो. प्रेषितांनी (स.) ते घर वस्तीच्या बाजूने पाहिले. हे लोक उठून गेले तर मागे काय उरेल? त्या बाजूस कोण राहील? घर ही खाजगी बाब आहे खरी, परंतु एक बिऱ्हाड उठते तेव्हा एका वस्तीतून कोणीतरी वजा होतो आणि दुसऱ्या वस्तीत कोणीतरी मिळवला जातो.

याचा अर्थ मशिदीपासून दूर राहणेच श्रेष्ठ, असा कोणी काढू नये. ह. उबै बिन कअब (रजि.) यांनी एका अन्सारीची हकीकत सांगितली आहे. त्याचे घर सर्वांत लांब होते, तरी त्याची एकही जमाअत चुकत नसे. एखादे गाढव विकत घे, अंधारात आणि उन्हात कामी येईल, असे कोणी सुचवले, तर आपले घर मशिदीला लागून असावे असेही आपल्याला वाटत नाही, असे तो म्हणाला. कारण जाण्यायेण्याच्या दोन्ही पावलांचे पुण्य त्याला हवे होते. ही त्या माणसाच्या पायांतील आणि मनातील ताकद होती. ज्याला दूर राहिल्यावर नमाज सोडण्याची सवय लागेल, त्याने या हदीसचा आधार घेऊन दूर जाऊ नये. प्रामाणिकपणे बोलायचे तर मशिदीच्या भिंतीला भिंत लागून राहणारे आणि फज्रला न दिसणारे लोक मला ठाऊक आहेत. तसेच दोन बस बदलून येणारेही ठाऊक आहेत.

म्हणून माझे आजचे म्हणणे असे आहे: प्रत्येक वस्ती आपल्यावर काही हक्क टाकते. शेजाऱ्याचे, मालकाचे, सोसायटीचे, मशिदीचे, तसेच आपल्याबरोबर येणाऱ्या आई-वडिलांचे, पत्नीचे आणि लेकरांचे. सोयींची यादी करण्यापूर्वी या हक्कांची यादी करावी, आणि ज्या घरात राहून हे हक्क आपल्याकडून अदा होऊ शकतील, ते घर घ्यावे.

शेजार कोणाचा?

दिव्य कुरआनच्या सूरह निसाच्या ३६ व्या आयतीत अल्लाहने आपल्या उपासनेची आज्ञा दिली, त्यानंतर माता-पिता, नातलग, अनाथ आणि गरजू यांचा उल्लेख केला, आणि मग शेजाऱ्यांचा. तेथे शेजारी हा एकच शब्द नाही. नात्यातला शेजारी, परका शेजारी आणि काही काळ सोबतीला आलेला साथी, असे तीन प्रकार निरनिराळे नमूद आहेत. भाष्यकारांपैकी अनेकांनी परक्या शेजाऱ्यात बिगरमुस्लिम शेजारीही धरला आहे. ह. अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांच्या घरी एकदा बकरी जिबह झाली, तेव्हा आपल्या यहुदी शेजाऱ्याकडे हिस्सा पाठवला की नाही, असे ते घरच्यांना पुन्हा पुन्हा विचारू लागले, कारण जिब्रील (अ.) शेजाऱ्याविषयी इतकी ताकीद करीत राहिले की त्याला वारसाहक्कच मिळतो की काय असे वाटावे, हे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. ही हकीकत अबू दाऊद व तिरमिजी यांनी नोंदवली आहे.

आता आपल्याकडे वळू. मुंब्रा, मीरा रोडचे नयानगर, पुण्यातील कोंढवा अशा वस्त्यांकडे आपली कुटुंबे का वळतात, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. १९९२-९३ च्या दंगलीनंतर मुंबईतील कित्येक कुटुंबे राहती घरे सोडून मुंब्र्याकडे गेली. ज्याने रात्रीच्या रात्री लेकरे उचलून घर सोडले, त्याला शेजारधर्माचे व्याख्यान कोणी देऊ नये. सुरक्षितता शोधणे हा त्याचा अधिकार आहे. शिवाय मकतब जवळ असणे, अजान कानी पडणे, मय्यत झाल्यास खांदा द्यायला माणसे धावून येणे, या गोष्टी थोड्या नव्हेत. विशेषतः वृद्ध आई-वडिलांना त्यांचे मोल फार असते.

परंतु "आपली वस्ती" एवढे म्हटल्याने विचार पूर्ण होत नाही. अशा भागांत घरांची निकड मोठी असल्याने परवानगी नसलेल्या इमारतीही उभ्या राहिल्या. ४ एप्रिल २०१३ रोजी मुंब्र्याजवळ शिळफाटा येथे बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जीव गेले. कठडा नसलेल्या छतावर झोपणाऱ्याचे रक्षण करण्याची जबाबदारी उरत नाही, अशा अर्थाची हदीस अबू दाऊदमध्ये आहे. केवळ कठडा नसेल तर एवढा इशारा, मग जिच्या पायाचाच भरवसा नाही त्या इमारतीत लेकरे घेऊन जाण्यास काय म्हणावे? मशीद जवळ आहे म्हणून इमारतीचे कागद न पाहणे याला तवक्कुल म्हणत नाहीत. नगरपालिका वा महानगरपालिकेची बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, पाण्याची अधिकृत जोडणी या गोष्टी विचाराव्यात. विचारल्याने एजंट नाराज होतो, होऊ द्यावा.

दुसरीकडे, संमिश्र सोसायटीत घर मिळवताना नाव ऐकताच दार बंद होण्याचा अनुभव आपल्यापैकी अनेकांना आहे. फोनवर सर्व ठरते, नाव सांगितले की घर "कालच गेले" असे कळते. हा अन्याय आहे आणि त्याला अन्यायच म्हणावे. मात्र सूरह माइदाच्या ८ व्या आयतीनुसार एखाद्या समूहाविषयीचा रोष आपल्याला न्याय सोडण्यास प्रवृत्त करू शकत नाही. ज्या मालकाने घर नाकारले त्याचा राग, ज्याने दिले त्याच्या जिन्यात काढू नये. जाता जाता एक अप्रिय गोष्टही सांगतो. आपल्यातील घरमालकही अमुक जमातीचा नाही, अमुक मसलकचा आहे, एकटी बाई आहे, अशी कारणे देऊन दारे बंद करतात. स्वतःवर झालेला अन्याय ज्याला कळतो, त्याला हाही कळावयास हवा.

अट मान्य केली तर पाळावी

त्या तरुणाच्या दुसऱ्या घराची अट आठवा: मांस-मासळी शिजवायची नाही. अशी अट मुसलमानाने मान्य करावी काय, हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. कोणी म्हणतात, अल्लाहने हलाल केलेले हराम करणारी अट बातिल आहे. हदीसमध्ये तसा नियम आहे, हे खरे. तिरमिजीच्या कथनानुसार मुसलमान आपल्या अटींना बांधील असतात, हलालला हराम वा हरामला हलाल करणारी अट वगळून. परंतु येथे मांस हराम आहे असे कोणी आपल्याकडून वदवून घेत नाही. मालक आपल्या मालकीच्या जागेचा वापर मर्यादित करतो आहे, जसे येथे दुकान चालवू नये, असे तो म्हणू शकतो. मांस खाणे हलाल आहे, फर्ज नाही. कुर्बानी वाजिब असेल वा सुन्नत, ती अन्यत्र करता येते, वकीलामार्फतही करता येते. म्हणून ही अट मान्य करण्यास माझ्या मते शरीअतची हरकत नाही.

हरकत पुढे आहे. अट मान्य करून खिडक्या लावून गुपचूप मासे तळणे ही खियानत होय. करार पूर्ण करण्याच्या आज्ञेनेच सूरह माइदाची सुरुवात होते. ती आज्ञा मालक कोण आहे हे पाहून बदलत नाही. कोकणातला माणूस मासळीवाचून किती दिवस राहील, याचा हिशेब त्याने सही करण्यापूर्वी करावा. जमणार नसेल तर ते घर आपले नव्हे, एवढे समजावे. स्वतः घरी न शिजवता बाहेर वा नातलगांकडे खाण्यास कोणाची मनाई नसते. पण अट "शिजवू नये" अशी आहे की "आणू नये" अशी, हेही स्पष्ट विचारून लिहून घ्यावे.

याहून गंभीर प्रकार म्हणजे मित्राच्या नावावर करार. आपल्या नावाने घर मिळत नाही, म्हणून कार्यालयातील एखादा हिंदू मित्र स्वतःच्या नावे करार करतो आणि राहतो मात्र दुसराच. मित्राची भावना उदार असते, यात शंका नाही. परंतु त्या कागदावरील प्रत्येक ओळ असत्य ठरते, आणि उद्या पोलीस चौकशी झाली तर अडचणीत तो मित्रच येतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे आवश्यक आहे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर आहे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवण्याची, साक्षीदार घेण्याची जी तपशीलवार शिकवण आहे, तिचा हाच तर आत्मा आहे. लिहिले ते खरे असावे आणि खरे ते लिहिलेले असावे.

हेवी डिपॉझिटचा प्रश्न

मुंबई परिसरात "हेवी डिपॉझिट" नावाची पद्धत रूढ आहे. भाडेकरूने मालकास मोठी रक्कम द्यावयाची, समजा ८ लाख रुपये. भाडे नाही, किंवा नावापुरते शंभर-दोनशे रुपये. मुदत संपली की घर सोडायचे आणि ८ लाख जसेच्या तसे परत घ्यायचे. ऐकायला व्यवहार गोड वाटतो; भाडे वाचले, पैसेही परत मिळाले. आपल्या वस्त्यांत तर तो सर्रास चालतो, आणि करणारे पाच वेळचे नमाजी असतात.

शांतपणे विचार करा. ती रक्कम मालक वापरणार आहे आणि तेवढीच परत करणार आहे. म्हणजे नाव डिपॉझिट असले तरी ते कर्ज आहे. त्या कर्जाच्या मोबदल्यात भाडेकरूस फुकट राहण्याचा लाभ मिळतो. कर्जावर ठरवून घेतलेला लाभ म्हणजे सूद. तो नोटांच्या रूपाने आला काय आणि खोल्यांच्या रूपाने आला काय. फुकहांनी हा नियम स्पष्ट केला आहे. नाममात्र भाडे लावल्याने व्यवहाराचे मूळ बदलत नाही, असे आपले उलमा सांगत आले आहेत. त्या भागात जे भाडे चालते ते द्यावे, आणि सुरक्षेपोटी नेहमीप्रमाणे दोन-तीन महिन्यांची अनामत ठेवावी. यात अडचण नाही. ज्यांनी अजाणतेपणी असा व्यवहार केला आहे, त्यांनी जवळच्या मुफ्तींना भेटून मुदतीच्या आत तो कसा दुरुस्त करता येईल ते विचारावे. संकोच करू नये.

शेजाराची किंमत

एजंट "एरियाचे पैसे आहेत" असे म्हणतो. पूर्वीचे लोकही शेजाराची किंमत करीत, पण निराळ्या प्रकारे. दुसऱ्या हिजरी शतकात मर्व येथे अबू हमजा सुक्करी नावाचे हदीसवेत्ते होऊन गेले. त्यांच्या शेजाऱ्याने घर विकायला काढले आणि ४,००० किंमत सांगितली: २,००० घराचे आणि २,००० अबू हमजांच्या शेजाराचे. ही गोष्ट अबू हमजांच्या कानी गेली. त्यांनी ४,००० त्या शेजाऱ्याकडे पाठवून दिले आणि घर विकू नका, असा निरोप धाडला.

सहाबांच्या काळातील याहून जुनी नोंद बुखारीत आहे. ह. साद बिन अबी वक्कास (रजि.) यांच्या आवारात ह. अबू राफिअ (रजि.) यांच्या दोन खोल्या होत्या. त्या विकावयाच्या ठरल्या तेव्हा साद यांनी ४,००० दिरहमपेक्षा अधिक देणार नाही आणि तेही हप्त्यांनी देईन, असे सांगितले. अबू राफिअ यांना त्याच खोल्यांचे ५०० दिनार देणारे गिऱ्हाईक मिळाले होते. त्या काळी एका दिनारास दहा-बारा दिरहम येत, म्हणजे ही रक्कम बरीच अधिक. तरीही त्यांनी खोल्या साद यांनाच दिल्या, कारण शेजाऱ्याचा हक्क अधिक आहे, हे त्यांनी प्रेषितांकडून (स.) ऐकले होते. या हदीसवरून शेजाऱ्यास शुफ्आचा, म्हणजे प्रथम खरेदीचा हक्क मिळतो असे हनफी फुकहा म्हणतात. शाफई मतात तो हक्क केवळ सहमालकास आहे. आपल्यापैकी कोकणातील बहुतेक जण शाफई आणि घाटावरील बहुतेक हनफी आहेत, म्हणून हा भेद नमूद केला. कायद्याचा हक्क असो वा नसो, घर विकताना शेजाऱ्यास आधी विचारणे ही सहाबांची रीत होती, एवढे दोन्ही मतांच्या लोकांनी घ्यावे.

फिरऔनच्या पत्नीची, ह. आसिया यांची प्रार्थना सूरह तहरीमच्या ११ व्या आयतीत आहे. तिच्या शब्दक्रमाकडे विद्वानांनी लक्ष वेधले आहे: त्यांनी "तुझ्याजवळ" हा शब्द आधी उच्चारला आणि जन्नतमधील घराचा उल्लेख नंतर केला. आधी शेजार, मग घर.

वरचा मजला, खालचा मजला

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची भांडणे कशावरून होतात? बहुधा पाण्याच्या गळतीवरून. वरच्याच्या न्हाणीघरातून खालच्याच्या छतावर ओल उतरते, वरचा दार उघडत नाही, खालचा सोसायटीच्या सचिवाकडे जातो, आणि पुढे वर्षानुवर्षे जिन्यात कोणी कोणाकडे पाहत नाही.

हिजरतनंतर प्रेषित मुहम्मद (स.) ह. अबू अय्यूब अन्सारी (रजि.) यांच्या घरी उतरले. घर दुमजली होते. भेटावयास येणाऱ्यांच्या सोयीसाठी प्रेषितांनी (स.) खालचा मजला पसंत केला. वर राहणाऱ्या पती-पत्नीस मात्र चैन पडेना; ज्या छताखाली अल्लाहचे प्रेषित (स.) आहेत त्यावरून चालायचे कसे? एके दिवशी वर पाण्याचा घडा फुटला. पाणी खाली टपकू नये म्हणून दोघांनी आपल्याजवळ असलेले एकमेव पांघरूण घेतले आणि त्याने पाणी टिपून काढले. पांघरायला दुसरे काही नव्हते. पुढे त्यांच्या विनंतीवरून प्रेषित (स.) वरच्या मजल्यावर राहावयास गेले. सीरतच्या ग्रंथांत ही हकीकत येते तेव्हा आपण तिच्यातील प्रेमाने सद्गदित होतो, आणि घरी येऊन खालच्या मजल्यावरच्या तक्रारीला "आमच्याकडून काही नाही" असे उत्तर देतो. ज्याच्या उपद्रवापासून शेजारी निर्धास्त नाही त्याच्या ईमानविषयी प्रेषितांनी (स.) तीनदा शपथ घेऊन काय सांगितले, हे आपणांस ठाऊकच आहे. तो शेजारी खालचाही असतो.

मेंटेनन्स वेळेवर भरणे, चपलांचे ढीग पॅसेजमध्ये न ठेवणे, सोसायटीच्या सभेस जाणे, या गोष्टी किरकोळ वाटतात. ऐपत असूनही देणे लांबवणे हा जुलूम आहे, असे हदीस सांगते. मेंटेनन्स हे देणेच आहे. ईद-उल-अजहाच्या दिवसांत जिन्यात वा गेटजवळ कातडी आणि रक्त राहता कामा नये. ठरवून दिलेल्या जागीच कुर्बानी करावी.

नव्या वस्तीत गेल्यावर प्रथम कोणी कोणाकडे जावे, याची वाट पाहत बसू नये. ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) मदीनेस रिकाम्या हाताने आले. ज्यांच्याशी त्यांचे बंधुत्व जोडले गेले होते त्या ह. साद बिन रबीअ (रजि.) यांनी अर्धी संपत्ती देऊ केली, अब्दुर्रहमान यांनी त्यांना बरकतची दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. नवागताने कोणावर ओझे होऊ नये, पण तोंड लपवूनही राहू नये. ह. आयशा (रजि.) यांनी दोन शेजाऱ्यांपैकी भेट कोणाकडे पाठवावी असे विचारले असता, ज्याचे दार अधिक जवळ त्याच्याकडे, असे उत्तर मिळाले. समोरचे दार शाकाहारी कुटुंबाचे असेल तर ईदला शीरखुर्मा पाठवता येतो, फळे पाठवता येतात. घेतील की नाही हे आधी हसतमुखाने विचारावे. त्यांनी दिवाळीचा फराळ दिला तर घ्यावा. देवतेस वाहिलेला प्रसाद असेल तर आपली अडचण नम्रपणे सांगावी; बहुतेक लोक समजून घेतात.

आणि मशीद दूर पडली तर? ह. उमर (रजि.) मदीनेच्या वरच्या भागात, मशिदीपासून लांब राहत. त्यांनी आपल्या अन्सारी शेजाऱ्याशी पाळी लावून घेतली. एके दिवशी एकाने जायचे आणि त्या दिवशीची वही व वार्ता परत आणून दुसऱ्यास सांगायची, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने. बुखारीच्या ज्ञानविषयक प्रकरणात हे आले आहे. लांब राहूनही ह. उमर (रजि.) दीनच्या ज्ञानात मागे राहिले नाहीत.

ज्यांना दिवसभर त्या घरात राहायचे आहे

चार दिवसांनी मी त्या तरुणाला फोन केला आणि माझे उत्तर घाईचे होते, असे सांगून पुन्हा पत्नीसह बोलावले. या वेळी प्रथम तिला विचारले. निवारा हा पत्नीचा शरीअतने दिलेला हक्क आहे. ज्या घरात तिला चोवीस तास राहायचे त्याविषयी तिचे मत न घेणे, हीच मूळ चूक होती. तिने तीन गोष्टी सांगितल्या. सासूबाईंचे गुडघे दुखतात, तिसऱ्या मजल्यावर त्या एकदा चढल्या की खाली उतरणार नाहीत. पती रात्री दहाला घरी येतील, मुलगी झोपलेली असेल. आणि कौशात मशीद दोन मिनिटांवर असली तरी पती जुम्याखेरीज दिवसातील एकही नमाज तेथे पढू शकणार नाहीत. कामाच्या दिवशी झुहर, अस्र आणि मग्रिब तर अंधेरीतच होणार. मला हे सुचले नव्हते.

इस्तिखारा करा, असे मी सांगितले, आणि इस्तिखाऱ्यात स्वप्न पडलेच पाहिजे, ही समजूत चुकीची आहे हेही सांगितले. सल्लामसलत करावी, दोन रकाअत पढून ह. जाबिर (रजि.) यांनी कथन केलेली दुआ मागावी आणि ज्या बाजूस मार्ग सुलभ होईल तिकडे पाऊल टाकावे.

त्यांनी अंधेरीचे घर घेतले. मासळीची अट मालकाने सैल केली नाही. त्यांनी ती जशीच्या तशी स्वीकारली. आई दर रविवारी कुर्ल्यास दिराकडे जातात आणि तेथे त्यांच्या आवडीचे कालवण होते. शेजारच्या इमारतीत एक उत्तर भारतीय मुस्लिम कुटुंब निघाले. मुलांना मकतबला नेण्या-आणण्याची दोन्ही घरांनी आठवड्यातील दिवसांनुसार पाळी लावली आहे. ज्याचे दुकान कौशातच आहे किंवा ज्याची आई चार मजले चढू शकते, त्याला मी आजही पहिलेच घर सुचवले असते.

जुन्या घराविषयी एक शब्द राहिला. हिजरतच्या रात्री मक्केचे लोक प्रेषितांच्या (स.) जिवावर उठले होते, आणि त्यांच्याच अनामती प्रेषितांकडे (स.) ठेवलेल्या होत्या. त्या ज्याच्या त्याला पोहोचवण्यासाठी ह. अली (रजि.) मागे थांबले आणि ते काम पूर्ण करून मग कुबा येथे येऊन मिळाले. तेव्हा घर सोडताना कराराप्रमाणे आधी नोटीस द्यावी, विजेचे शेवटचे बिल भरावे, भिंतीला पडलेली भोके बुजवावीत, वाण्याची उधारी चुकती करावी आणि शेजारच्या प्रत्येक दारी जाऊन कळत-नकळत दुखावले असल्यास माफी मागावी. किल्ली मालकाच्या हाती त्यानंतर द्यावी.